महागडा रंधा: पैसे नेमके कशाचे, आणि कोणत्या रंध्यावर घालावेत

प्रश्न थोडक्यात असा: लाय-नील्सन किंवा व्हेरिटास या कंपन्यांच्या एका नंबर ४ च्या (साफसफाईच्या रंध्याच्या) किमतीत जुने, वापरलेले स्टॅनली रंधे कितीतरी येतात. हातकामाला नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकच महागडा घ्यावा, की जुना घेऊन तो सुधारावा? आणि तयार लाकडात फरक दिसतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दिसत नाही. धार चांगली असेल, तळ ठीक असेल आणि चिपब्रेकर (पात्यावर बसणारी, छिलका मोडणारी पट्टी) धारेजवळ बसवलेला असेल, तर साध्या नंबर ४ ने साफ केलेली फळी आणि महागड्याने साफ केलेली फळी शेजारी ठेवून कुणालाही ओळखता येणार नाही. जादा पैसे जातात ते कारखान्याने आधीच करून दिलेल्या कामाचे. त्यातलं काही काम घरी एका दुपारी होतं, काही घरी होणं जवळपास अशक्य असतं. कोणत्या रंध्यात हे काम किती आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून नंबर ५ साठी, म्हणजे जाडी उतरवायच्या जॅक रंध्यासाठी, माझं उत्तर ‘नको’ असतं आणि नंबर ७ साठी, म्हणजे कडा सरळ करायच्या लांब रंध्यासाठी, बहुतेक वेळा ‘घ्या’.

आजचे बहुतेक लोखंडी रंधे लेनर्ड बेलीच्या रचनेवर उभे आहेत. त्याची पेटंटं स्टॅनलीने १८६९ मध्ये घेतली. पातं ४५ अंशांत टेकवून धरणारा फ्रॉग, खोली कमीजास्त करणारं मागचं पितळी चाक, वरून दाबणारी लीव्हर कॅप, ही मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बेलीच्या रंध्यात फ्रॉग तळाच्या ओतीव भागावरच्या छोट्या यंत्रित (यंत्रावर सपाट केलेल्या) जागांवर बसतो आणि त्याचे दोन स्क्रू पात्याखाली असतात. म्हणजे रंध्याचं तोंड (तळातली पात्याची फट) बारीक-मोठं करायचं तर पातं काढावं लागतं. स्टॅनलीनेच पुढे बेडरॉक मालिका काढली. तिच्यात फ्रॉग पूर्ण रुंदीच्या उतरत्या पृष्ठभागावर बसतो, आणि १९११ च्या सुमारास झालेल्या सुधारणेनंतर तो पातं न काढता मागून सरकवता येऊ लागला. १९८१ मध्ये सुरू झालेल्या लाय-नील्सनचे नेहमीचे रंधे याच बेडरॉकच्या वाटेने जातात. व्हेरिटासने आपली रचना वेगळी केली: खोली आणि तिरपेपणा दोन्ही एकाच दांडीने, जुन्या इंग्लिश नॉरिस रंध्यांच्या धर्तीवर, आणि पातं जागेवरून हलू नये म्हणून तोंडाजवळ दोन्ही बाजूंना छोटे स्क्रू.

महागड्या रंध्यात पैसे कुठे जातात, ते बघा. ओतीव लोखंड डक्टाइल असतं. साध्या राखाडी बिडात ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि तडा त्या पापुद्र्यांवरून धावतो. डक्टाइलमध्ये ते गोळ्यांच्या रूपात असतं, त्यामुळे तडा अडतो. बाकावरून फरशीवर पडला तर साधा रंधा बहुधा तोंडाजवळ किंवा गालावर (बाजूच्या भिंतीवर) फुटतो, डक्टाइल टिकण्याची शक्यता खूप जास्त. दुसरं, तळाची सपाटी. लाय-नील्सन आपल्या रंध्यांच्या तळासाठी इंचाच्या एक हजारांशाच्या दीडपट, म्हणजे सुमारे ०.०४ मिमी एवढीच चूक मान्य करते, मग रंधा कितीही लांब असो. तिसरं, पातं जाड असतं, साधारण ३ मिमीच्या वर. जुन्या स्टॅनलीचं २ मिमीच्या आसपास. चौथं, पितळी चाकाचा रिकामा फेरा. जुन्या रंध्यात चाक उलट दिशेला अर्धा-एक फेरा, कधी त्याहून जास्त, नुसतंच फिरतं आणि मग पातं हलायला लागतं. महागड्यात हा खेळ फार कमी असतो. या शेवटच्या गोष्टीची तारीफ खूप होते, पण तिचं महत्त्व सगळ्यात कमी. पातं मागे घेऊन शेवटचा फेरा नेहमी पुढच्या दिशेने द्यायचा, एवढी सवय लागली की हा खेळ कामात आडवा येत नाही.

सपाटीचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे. साफसफाईचा छिलका ०.०२ ते ०.०५ मिमी जाडीचा असतो. तळ तोंडाच्या पुढे ०.१ मिमी खोलगट असेल तर रंधा पुढच्या टोकावर आणि मागच्या टाचेवर तरंगतो, आणि पात्याला लाकूड गाठायला आधी ती खोली भरून काढावी लागते. मग नेहमीचा त्रास सुरू होतो: चाक थोडं फिरवलं तरी काहीच कापत नाही, आणखी थोडं फिरवलं की एकदम जाड ढलपा येऊन रंधा अडकतो. मधली बारीक जागा सापडतच नाही. नवशिक्याला वाटतं धार गेली. तो धार लावत बसतो आणि फरक काही पडत नाही. पण फळीची जाडी उतरवण्यासाठी वापरायच्या जॅक रंध्याचा छिलका अर्धा-पाऊण मिमी असतो. त्याला ०.१ मिमीचं काय सोयरसुतक? त्यासाठी अचूक तळाचे पैसे मोजणं म्हणजे ते पैसे वाया घालवणं.

आता चिपब्रेकर. या एका भागामुळे महागड्या रंध्यांच्या जाहिरातीतला बराच मजकूर निकाली निघतो. लाकडाचे रेषे उलटे फिरले की रंध्यासमोर ते उपटले जातात: छिलका पात्यावर चढताना कापला जाण्याआधीच पुढे फाटत जातो. यावर पूर्वी तीन उपाय सांगत: तोंड अगदी बारीक ठेवा, पातं जास्त उभं ठेवा, पातं जाड वापरा. तिन्ही उपाय रंधा महाग करतात. जपानच्या यामागाता विद्यापीठात कावाई आणि कातो यांनी छिलका निघताना अगदी जवळून चित्रित केला, आणि ते चित्रण २०१२ च्या सुमारास जगभरच्या सुतारांपर्यंत पोचलं. त्यात स्पष्ट दिसतं की चिपब्रेकरची कड धारेपासून ०.१ ते ०.३ मिमीवर असली आणि तिचा पुढचा भाग उभा घासलेला असला, तर तो छिलक्याला पुढे फाटू न देता मागून दाबून मोडतो, आणि खालचे रेषे जागेवर राहतात. हे काम साध्यातल्या साध्या रंध्यातला चिपब्रेकरही करतो. फक्त तो तिथपर्यंत नेऊन बसवायला हवा. बहुतेकांचा दीड-दोन मिमी मागे असतो.

बसवायचा कसा ते सांगतो. आधी चिपब्रेकरची खालची कड दगडावर घासा. घासताना त्याचं मागचं टोक दगडाच्या पृष्ठभागापेक्षा थोडं खाली ठेवा, म्हणजे फक्त पुढची बारीक रेघ पात्याला टेकेल. पात्यावर ठेवून दोन्ही उजेडासमोर धरा. मधून प्रकाशाची फट दिसता कामा नये. फट राहिली तर पहिल्याच दोन-तीन हातांत छिलक्याचे बारीक तुकडे आत घुसतात आणि तोंड तुंबतं. मग वरच्या बाजूच्या पुढच्या कडेला ५० ते ६० अंशांचा अगदी अरुंद उतार घासा, अर्धा मिमी पुरे. आता स्क्रू हाताने घट्ट होईल इतकाच आवळा, चिपब्रेकर हळूहळू पुढे सरकवा. धार उजेडात झळकते, तिच्या आणि चिपब्रेकरच्या मध्ये चकाकणारी पट्टी दिसते. ती केसाएवढी बारीक होईपर्यंत सरकवा आणि मग स्क्रू पक्का आवळा. आवळताना चिपब्रेकर बहुधा थोडा पुढे सरकतो, त्याचा अंदाज आधीच ठेवा. धारेच्या पुढे गेला तर रंधा कापणारच नाही.

बरोबर बसलाय हे छिलक्यावरून कळतं. फार मागे असेल तर छिलका गोल गुंडाळत येतो. योग्य अंतरावर तो तोंडातून जवळपास सरळ उभा वर येतो. फारच जवळ गेला तर पेटीच्या भात्यासारख्या घड्या घेऊन निघतो आणि रंधा ढकलायला जड जातो. तेव्हा केसभर मागे घ्या. या पद्धतीत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा: तोंड बारीक करू नका. छिलका सरळ वर यायला जागा लागते, आणि तोंड बारीक असेल तर तो तिथेच अडकतो. बेलीच्या रंध्यात तोंड बारीक करायला फ्रॉग पुढे ओढला की पात्याचं खालचं टोक तळाच्या आधारापासून सुटतं आणि रंधा थरथरतो, तो तोटा वेगळाच. म्हणून फ्रॉग तळाच्या उताराशी एका रेषेत ठेवा आणि विसरून जा. म्हणजेच पातं न काढता फ्रॉग सरकवण्याची बेडरॉकची सोय, जिच्यासाठी एवढे पैसे पडतात, ती चिपब्रेकर नीट वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं लागत नाही.

पोलादाबद्दल थोडक्यात. पात्यांसाठी ओ-१ आणि ए-२ या पोलादाच्या जाती नेहमीच्या. ओ-१ कोणत्याही दगडावर झटकन धार घेतं. ए-२ जास्त टिकतं, पण ३० अंशांपेक्षा कमी कोनात त्याच्या धारेचे बारीक कण उडतात. ३० ते ३३ ठेवा. नैसर्गिक तेली दगडावर ए-२ घासत बसणं कंटाळवाणं आहे, त्याला हिऱ्याची पट्टी किंवा सिंथेटिक पाण्याचा दगड हवा. व्हेरिटासचं पीएम-व्ही११ चूर्णधातूपासून बनतं, २०१२ मध्ये आलं, आणि ए-२ पेक्षा जास्त टिकूनही धार लावायला सोपं आहे. मला ते आवडतं, पण त्यासाठी अख्खा रंधा बदलायची गरज नाही. जुन्या स्टॅनलीत बसेल असं पातं वेगळं मिळतं. तिथे एक अडचण होऊ शकते. ३ मिमीचं पातं जुन्या रंध्याच्या तोंडात कधीकधी मावत नाही, मग तोंडाची पुढची कड कानसून मागे-पुढे समांतर राखत वाढवावी लागते, आणि खोली बदलणाऱ्या काट्याचं टोक जाड पात्यातून चिपब्रेकरच्या खाचेपर्यंत पोचत नाही. पातं मागवण्याआधी त्या काट्याचं टोक फ्रॉगच्या वर किती येतं ते मोजा. नाहीतर अडीच मिमीच्या आसपासचं घ्या, बहुतेक ठिकाणी बसतं.

जुना रंधा घेताना बघायच्या गोष्टी अशा. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि गालांच्या मुळाशी तडा आहे का. असेल तर सोडून द्या, बीड जोडणं परवडत नाही. पात्याच्या चिरेपासून धारेपर्यंत किमान दीड-दोन सेंटिमीटर पोलाद शिल्लक हवं. फ्रॉग काढून खालची बसायची जागा यंत्रित आहे की नुसती रंगवलेली, ते पाहा. दुसऱ्या महायुद्धाआधीचे स्टॅनली साधारणपणे खात्रीचे. उशिराच्या रंध्यांत खोलीचा काटा ओतीव लोखंडाऐवजी दाबलेल्या पत्र्याचा होतो, मुठी प्लास्टिकच्या होतात आणि एकूण सफाई उतरते. तरीही काम देतात, मेहनत जास्त पडते. अगदी स्वस्त नवा रंधा मात्र टाळा. त्यात फ्रॉग रंगाच्या थरावर डुलतो, पातं मऊ असतं, चिपब्रेकरची कड वाकडी असते, आणि नवशिक्याला यातलं नेमकं काय चुकतंय हे ओळखता येत नाही.

तळ सपाट करायचा तर १० मिमी जाडीच्या काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. पातं आणि लीव्हर कॅप जागेवर, नेहमीच्या दाबाने बसवूनच घासा, फक्त पातं आत ओढलेलं ठेवा. दाबामुळे तळाला येणारा किंचित बाक त्या स्थितीतच निघायला हवा. तळावर मार्करने आडव्या रेघा मारा आणि त्या कुठे पुसल्या जातात ते पाहत जा. सगळा तळ चकचकीत करण्याची गरज नाही. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि टाच, या तीन जागा एका पातळीत आल्या की झालं. मध्ये रेघा शिल्लक राहिल्या तरी चालतात. १८० आणि मग २४० वर थोडं फिरवा, कडा किंचित मोडा, आणि तळावर मेणबत्तीची एक-दोन वळणं ओढा. हे मेण फुकटात पडतं आणि ढकलण्यात जेवढा फरक पडतो, तेवढा रंधा बदलून पडत नाही.

नंबर ४ चं हे काम तास-दोन तासांत होतं. नंबर ७ ला हाच हिशेब लावू नका. त्याचा तळ ५६ सेंटिमीटर लांब असतो. घासायला त्याच्या दीडपट लांबीची खरोखर सपाट जागा लागते, ती घरी क्वचितच असते. हात पुढे-मागे करताना टोकांवर नकळत दाब जास्त पडतो आणि तळ मध्ये फुगीर होत जातो. फुगीर तळाचा लांब रंधा फळीच्या कडेवर डुलतो, आणि दोन फळ्या जोडायला कड काढली तर टोकाला उजेड दिसतो. खोलगट निघाला तर आणखी वाईट: मधल्या पात्याला लाकूड लागतच नाही. हा रंधा कारखान्यातून सरळ आलेला असणं, हेच त्याचं सगळं मोल. जुना सरळ मिळाला तर उत्तमच, पण पोलादी पट्टी आणि ०.०५ मिमीचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊनच बघायला जा. तोंडाच्या आसपास गेज पट्टीखालून सरकला तर परत फिरा.

महागड्यात पैसे खरोखर वसूल होतात ते आणखी काही लहान रंध्यांत. शोल्डर रंध्याचा गाल तळाशी नेमका काटकोनात नसेल तर टेननचा (खाचेत बसणाऱ्या जिभेचा) खांदा तिरका येतो. हा काटकोन घरी घासून सुधारायला गेलं की पात्याची जागा बिघडते, आणि पात्याची रुंदी तळापेक्षा केसभरच जास्त हवी असते. राउटर रंध्यात (खाचेचा तळ एकसारखा करणाऱ्या) खोलीचा खांब न डुलणारा हवा. स्वस्तातल्यात स्क्रू आवळताना पातं उतरतं, आणि कुठल्याही खाचेचा तळ एकसारखा येत नाही. कमी कोनाचा ब्लॉक रंधा, म्हणजे एका हातात मावणारा छोटा रंधा, हाही त्याच रांगेत. त्याला चिपब्रेकर नसतो, म्हणून तोंड पुढून बारीक करण्याची सरकती पट्टी घट्ट आणि समांतर असणं ही त्याची गरज आहे, आणि जुन्या ब्लॉक रंध्यांत नेमकी तीच पट्टी खिळखिळी झालेली असते.

बेव्हल-अप जॅक, म्हणजे उतार वर ठेवून पातं १२ अंशांत झोपवलेला रंधा, लोक फार कौतुकाने घेतात. फळीच्या टोकाच्या कापलेल्या बाजूला आणि शूटिंग बोर्डवर (फळी काटकोनात धरून टोक रंधायच्या पाटावर) तो झकास. पात्याला २५ अंशांचा उतार दिला तर कापण्याचा कोन ३७ होतो, ३८ चा दिला तर ५०, आणि दोन-तीन पाती ठेवली की एकाच रंध्यात वेगवेगळे कोन मिळतात. पण त्याला चिपब्रेकर नाही. उलट्या रेषांसाठी उतार ५० अंशांपर्यंत चढवला तर एकूण कोन ६२ होतो. तेव्हा ढकलायला बळ लागतं, धार लवकर बसते आणि मऊ लाकडावर पृष्ठभाग मंद दिसतो. पात्याला गोलाई द्यायलाही त्रास होतो. ४५ अंशांवर बसलेल्या पात्याची गोलाई तळातून जेवढी डोकावते, तेवढीच १२ अंशांवर हवी असेल तर गोलाई साधारण साडेतीनपट खोल घासावी लागते. शिवाय धारेची झीज पात्याच्या खालच्या, सपाट बाजूवर येते आणि तिथे मुळात १२ अंशांचीच मोकळीक असते, म्हणून दर वेळी ती बाजूही नीट घासून काढावी लागते. एकच रंधा घेऊन सगळं भागवायचं म्हणून हा घेतला तर उलट्या रेषांच्या लाकडात पस्तावाल.

महागडा रंधा पेटीतून काढला की लगेच कापायला लागतो, असंही समजू नका. पातं सपाट येतं, उतार यंत्रावर घासलेला येतो, पण शेवटची धार तुम्हालाच पाजावी लागते: १००० नंबरच्या दगडावर मागे बर (धातूची बारीक काठ) उठेपर्यंत, मग ८००० वर, मग चामड्यावर चार-पाच हात. कोपरे बुडवायला बोटाच्या दाबाने किंचित गोलाई, नंबर ४ साठी मध्यभागापेक्षा कडेला ०.१ मिमी पुरे; नाहीतर फळीवर प्रत्येक हाताच्या कडेची रेघ उमटते. हे ज्याला येत नाही त्याच्या हातात महागडा रंधाही दुसऱ्या दिवशी मंद होऊन पडतो. पैसे मोजकेच असतील तर दोन चांगले दगड, दगड सपाट ठेवायला हिऱ्याची पट्टी आणि धार लावायचं गाइड आधी घ्या.

त्यानंतरचा क्रम मी असा ठेवेन. जुना नंबर ५, पात्याला २० ते २५ सेंटिमीटर त्रिज्येची गोलाई देऊन, जाडी उतरवायला. जुना नंबर ४, वर सांगितल्याप्रमाणे तळ आणि चिपब्रेकर सुधारून. हे दोन हाताळताना रंधा नीट चालणं म्हणजे काय ते कळतं. मग ब्लॉक रंधा नवा आणि चांगला. टेनन हाताने बसवायला लागलात की शोल्डर रंधा. नंबर ७ सगळ्यात शेवटी, आणि फळ्यांच्या कडा यंत्रावर सरळ करत असाल तर तोही नको. नंबर ४ मात्र महागडा घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या. लाय-नील्सन आणि व्हेरिटासचे रंधे विकताना किंमत फार उतरत नाही. पातं जळवू नका, तळावर गंज चढू देऊ नका, मूळ मुठी सांभाळा.